‘पासंड’ ते ‘पाखंड’ : एका साध्या शब्दाची शिवी कशी झाली?

१/ आज मराठीत कुणाला ‘पाखंडी’ म्हटले, तर ऐकणारा दोनच अर्थ घेतो : तो माणूस ढोंगी आहे, किंवा तो धर्मबुडवा आहे. दोन्ही अर्थी ती शिवीच. परंतु सव्वादोन हजार वर्षांपूर्वी सम्राट अशोकाने दगडावर कोरून ठेवले की, आपण सर्व ‘पासंडां’चा सन्मान करतो. पासंड, पाषंड, पाखंड ही एकाच शब्दाची रूपे. मग हा राजा ढोंग्यांचा सन्मान करत होता काय? या धाग्यात त्या शब्दाचा प्रवास पाहू. शेवटी माझे मतही मांडणार आहे. ते पटलेच पाहिजे असे नाही.

२/ प्रथम पुरावा पाहू. अशोकाच्या चौदा प्रमुख शिलालेखांपैकी १२वा लेख जवळजवळ संपूर्णपणे पासंडांविषयी आहे. जुनागढजवळच्या गिरनारच्या खडकावर तो ब्राह्मी लिपीत आहे. आज पाकिस्तानात असलेल्या शाहबाजगढीला तो खरोष्ठी लिपीत आहे, आणि तिथे त्याच्यासाठी एक वेगळा खडक निवडला गेला. तिथल्या बोलीत शब्दाचे रूप ‘प्रषंड’ असे होते. साम्राज्याच्या दोन टोकांना, दोन लिप्यांत, एकच विषय : भिन्न पंथांच्या लोकांनी एकमेकांशी कसे वागावे?

३/ त्या लेखाचा आशय थोडक्यात असा : राजा सर्व पासंडांचा, त्यांतील संन्याशांचा आणि गृहस्थांचाही, दानाने व मानाने गौरव करतो. पण दानापेक्षा त्याला मोल आहे ते सर्व पासंडांच्या ‘सारवृद्धी’चे. या सारवृद्धीचे मूळ ‘वचिगुती’त, म्हणजे वाणीच्या संयमात आहे. प्रसंग नसताना स्वतःच्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा करू नये. जो तसे करतो, तो आपल्याच पंथाची हानी करतो. म्हणून परस्परांचा धम्म ऐकावा आणि सर्वांनी बहुश्रुत व्हावे.

४/ येथे ‘पासंड’ म्हणजे नेमके कोण? पुष्कळांचा समज असा की, हा शब्द केवळ बौद्ध, जैन, आजीविक अशा श्रमणांसाठी असावा. पण कलिंगयुद्धाविषयीच्या १३व्या लेखात ‘ब्राह्मण, श्रमण आणि अन्य पासंड’ अशी रचना येते. ‘अन्य’ हा एक शब्दच निर्णायक आहे. ब्राह्मण हेही एक पासंड, श्रमण हेही एक पासंड, आणि त्यांखेरीज आणखीही आहेत. त्याच लेखात राजा म्हणतो की, जिथे माणसांची कोणत्या ना कोणत्या पासंडावर श्रद्धा नाही असा प्रदेश नाही. म्हणजे हा शब्द सर्वांना सामावणारा होता. त्यातून कुणाला वगळलेले नव्हते.

५/ हा शब्द राज्यकारभारातही होता. ५व्या शिलालेखात अशोक राज्याभिषेकाच्या तेराव्या वर्षी ‘धम्ममहामात्र’ हे नवे अधिकारी नेमल्याचे सांगतो. त्यांचे कार्यक्षेत्र सर्व पासंड. ७व्या स्तंभलेखात संघ, ब्राह्मण, आजीविक, निर्ग्रंथ (जैन) यांच्यासाठीच्या व्यवस्थेचा स्वतंत्र उल्लेख आहे. आणि ७व्या शिलालेखात एक लहानसे पण महत्त्वाचे वाक्य आहे : सर्व पासंडांनी सर्वत्र राहावे, कारण संयम आणि भावशुद्धी सर्वांनाच हवी असते. हे ‘सर्वत्र राहावे’ लक्षात ठेवा. पुढे त्याची गरज पडेल.

६/ शब्दाचा त्या काळातील अर्थ तपासण्याचे एक उत्तम साधन म्हणजे त्या काळातीलच भाषांतर. सुदैवाने तेही उपलब्ध आहे. कंदाहार येथे १९६३मध्ये मिळालेल्या ग्रीक लेखात १२व्या लेखाचा शेवट आणि १३व्याचा आरंभ आहे. तिथे ‘पासंड’साठी ‘दियात्रिबे’ हा शब्द योजला आहे. ग्रीकांत तो तत्त्वज्ञांच्या शाळेसाठी, विचारमंडळासाठी वापरला जाई. म्हणजे कंदाहारच्या भाषांतरकाराला पासंडात ढोंग दिसले नाही. एका विचाराभोवती जमलेली माणसे दिसली. गंमत अशी की, याच ग्रीक शब्दाचा इंग्रजी वारस ‘डायट्राइब’ आज जहरी टीका या अर्थाने वापरला जातो. शब्दांचे नशीब सर्वत्र सारखेच!

७/ अशोकाचा हा अर्थ त्याच्या एकट्याचा होता काय? नाही. भुवनेश्वरजवळच्या उदयगिरीवर हाथीगुंफेत कलिंगाचा राजा खारवेल याचा लेख आहे. खारवेल जैनांचा आश्रयदाता होता आणि त्याची राजधानी ज्या भूमीत होती, तिच्यावरच अशोकाने युद्ध लादले होते. तरी तो स्वतःला अभिमानाने ‘सवपासंडपूजक’ म्हणवतो आणि सर्व देवालयांची दुरुस्ती करणारा अशीही आपली ओळख देतो. अशोकाच्या वंशाशी काही संबंध नसलेल्या राजाने हे बिरुद मिरवावे, यावरून या शब्दाची तेव्हाची प्रतिष्ठा कळते.

८/ शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. एक मत त्याला ‘परिषद्’, ‘पार्षद’ या कुळाशी जोडते. म्हणजे सभा, मंडळ, एकत्र बसणारे लोक. पुढे संस्कृतात ‘पाषंड’ हे रूप रूढ झाले. ‘पाखंड’ हे रूप मात्र उच्चारातून आले : उत्तरेकडे ‘ष’चा उच्चार ‘ख’ असा होत असे. हा उच्चारभेद क्षुल्लक वाटेल, पण या ‘ख’मुळेच पुढे शब्दात ‘खंड’ ऐकू येऊ लागला, आणि त्या ‘खंड’मधून नवे अर्थ काढण्यात आले. ते कसे, हे थोड्या वेळाने पाहू.

९/ आता घसरण कुठे सुरू झाली ते शोधू. अशोकाच्या लेखात दोन जोडशब्द आहेत : ‘आत्मपासंड’ आणि ‘परपासंड’. आपला आणि दुसऱ्याचा. जैनांच्या उपासकदशा या आगमग्रंथात श्रावकाच्या सम्यक्त्वाचे पाच दोष सांगितले आहेत. त्यांपैकी दोन असे : परपासंडाची प्रशंसा आणि परपासंडाशी सलगी. मागे ‘पर’ लावावा लागतो, याचा अर्थ नुसता ‘पासंड’ अजून तटस्थ आहे. पण उपदेश मात्र अशोकाच्या नेमका उलट आहे. तो म्हणतो, दुसऱ्याचे ऐका. हा म्हणतो, दुसऱ्याची वाखाणणी हाच दोष. पुढे उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हेच दोष आले, तेव्हा ‘परपासंड’ जाऊन ‘अन्यदृष्टि’ हा शब्द आला.

१०/ बौद्धांकडेही हेच दिसते. संयुत्तनिकायात मार सीसुपचाला या भिक्षुणीला विचारतो की, तुला कुणाचे पासंड रुचते? ती उत्तरते, कुणाचेच नाही. पासंड तर इथून बाहेरचे. म्हणजे आमचा मार्ग तो मार्ग, आणि पासंड ते इतरांचे. पुढे पाली अट्ठकथांनी तर व्युत्पत्तीच रचली : ‘पास’ म्हणजे फास, आणि जे माणसांच्या चित्तावर मतांचा फास टाकतात ते पासंड. व्याकरणाच्या कसोटीवर ही व्युत्पत्ती टिकत नाही. पण इतरांविषयीचा संशय ती उत्तम रीतीने टिपते.

११/ हे मुद्दाम आधी सांगितले. समाजमाध्यमांवर या शब्दाची जी कथा फिरते, ती फार सोपी असते : बौद्धांचा एक पवित्र शब्द होता, ब्राह्मणांनी तो बदनाम केला, गोष्ट संपली. पुरावा इतका सरळ नाही. शब्द कुणा एकाच्या मालकीचा नव्हता, आणि ‘पासंड म्हणजे ते दुसरे’ ही सवय सर्वांनाच लागली होती. मात्र सवय सर्वांची असली, तरी तिचे परिणाम सर्वांवर सारखे झाले नाहीत. कारण नियम लिहिण्याचा आणि राजाकरवी ते अंमलात आणण्याचा अधिकार सर्वांकडे सारखा नव्हता.

१२/ आता मनुस्मृती उघडा. पाषंडींचा नुसत्या शब्दानेही आदर करू नये, असे ती गृहस्थाला चौथ्या अध्यायात बजावते. नवव्या अध्यायात राजाने ज्यांना नगरातून हाकलावे त्यांची यादी आहे. तिच्यात जुगाऱ्यांच्या पंक्तीला पाषंडीही आहेत. अर्थशास्त्रात पाषंड आणि चांडाळ यांची वस्ती स्मशानालगत असावी, असे नगररचनेच्या प्रकरणात म्हटले आहे. आता ५व्या भागातले ‘सर्वत्र राहावे’ आठवा. वाणी आणि वस्ती, अशोकाने ज्या दोन गोष्टी उघड्या ठेवल्या होत्या, नेमक्या त्याच दोन येथे बंद झाल्या.

१३/ आज्ञा लोकांच्या मनात कथेच्या रूपाने उतरते. विष्णुपुराणाच्या तिसऱ्या अंशात शतधनू राजा आणि त्याची राणी शैव्या यांची कथा आहे. व्रताच्या दिवशी नदीवर स्नान करून येताना त्यांना एक पाषंडी भेटतो. तो राजाच्या धनुर्विद्येच्या गुरूचा मित्र असतो, म्हणून राजा सौजन्याने त्याच्याशी दोन शब्द बोलतो. राणी मात्र मौन पाळून सूर्याकडे पाहते. फळ काय? राजाला कुत्रा, कोल्हा, लांडगा, गिधाड, कावळा आणि मोर असे जन्म घ्यावे लागतात. संपत्ती बुडाली नाही, हिंसा घडली नाही. अपराध एवढाच की, तो बोलला. अशोकाच्या ‘ऐका’पासून आपण येथवर आलो.

१४/ तथापि चित्र एकरंगी नाही, आणि तरुण अभ्यासकांनी विशेषतः हा भाग ध्यानात घ्यावा. त्याच अर्थशास्त्रात, आश्रमवासी आणि पाषंड यांनी मोठ्या जागेत परस्परांना त्रास न देता राहावे, असाही नियम आहे. याज्ञवल्क्यस्मृती तर श्रेणी, नैगम, पाखंडी आणि गण यांना एका ओळीत बसवते आणि राजाला सांगते की, त्यांचे वेगळेपण राख, त्यांची पूर्वापार रीत सांभाळ. नारदस्मृती पाषंडी वगैरेंच्या अंतर्गत नियमांना ‘समय’ म्हणते आणि ते राजाने पाळावयास लावावेत असे मानते. कायद्याच्या भाषेत पाषंड हा अजून एक मान्य समूह होता, व्यापाऱ्यांच्या किंवा कारागिरांच्या संघासारखा.

१५/ याज्ञवल्क्यस्मृतीवरची प्रसिद्ध टीका मिताक्षरा. ती विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणीत, विक्रमादित्य सहावा याच्या काळात लिहिली. महाराष्ट्राच्या हिंदू कायद्यात तिचा अधिकार इंग्रजी अमदानीपर्यंत चालला. तो ‘पाखंडी’चा अर्थ देतो : वेदाचे प्रामाण्य न मानणारे, जसे नग्न (म्हणजे दिगंबर साधू) आणि सौगत (म्हणजे बौद्ध). आता शब्द सर्वांचा राहिला नाही. त्यातून वैदिक बाहेर पडले. परंतु संरक्षणाचा नियम विज्ञानेश्वराने काढून टाकला नाही. नाव बदनाम होत असतानाही हक्क काही काळ टिकून होता. असे इतिहासात क्वचितच इतके स्पष्ट दिसते.

१६/ ‘वेदविरोधी’पासून ‘ढोंगी’पर्यंतची पायरी कुठली? भागवतपुराणाच्या चौथ्या स्कंधात ती सापडते. पृथू राजाच्या अश्वमेधाचा घोडा इंद्र चोरतो आणि पकडला जाऊ नये म्हणून साधूचा वेष घेतो. पाठलाग झाला की वेष टाकतो, पुन्हा नवा घेतो. हे टाकलेले वेष पुढे लोकांनी उचलले, त्यांतूनच नग्न आणि रक्तवस्त्रधारी पंथ निघाले, असे पुराणकार सांगतो. आणि व्युत्पत्ती देतो : खंड म्हणजे चिन्ह, पापाचे चिन्ह ते पाखंड. येथे पंथ हा विचार राहत नाही. तो चोराने घेतलेले सोंग ठरतो. आपला आजचा ‘ढोंग’ हा अर्थ या कथेच्या शेजारीच उभा आहे.

१७/ परंपरेत आणखी एक व्युत्पत्ती प्रचलित आहे : ‘पा’ म्हणजे पालन करणारा वेदधर्म, त्याचे खंडन करतात ते पाखंड. आता तिन्ही शेजारी ठेवा. पालीत ‘फास टाकणारे’. भागवतात ‘पापाचे चिन्ह’. आणि ही तिसरी, ‘वेदधर्म मोडणारे’. तीन लेखक, तीन वेगळे धातू, पण निष्कर्ष एकच : ते दुसरे वाईट. व्युत्पत्ती शब्दाचा उगम सांगतेच असे नाही. कित्येकदा ती सांगणाऱ्याचे मन सांगते. कुठल्याही शब्दाची चटपटीत फोड कुणी पाठवली, की पुढे धाडण्यापूर्वी हे जरूर आठवावे.

१८/ पुढे शब्द इतका मोकाट झाला की, तो उलटूही लागला. १८६७च्या हरिद्वारच्या कुंभमेळ्यात स्वामी दयानंद सरस्वतींनी ‘पाखंड खंडिनी पताका’ उभारली. त्यांच्या दृष्टीने पाखंड कोणते? मूर्तिपूजा, तीर्थांचे माहात्म्य आणि ते सांगणारी पुराणे. ज्या पुराणांनी इतरांना पाषंड ठरवले, तीच आता पाखंडाच्या पिंजऱ्यात उभी राहिली. शब्दाची शिवी झाली की असेच होते : तिला धनी उरत नाही. ती आज तुमच्या हातात असते, उद्या तुमच्यावर येते.

१९/ येथे एक रास्त आक्षेप येईल : अशोकाला आजचा उदारमतवादी का ठरवता? ठरवू नयेच. धम्ममहामात्र हे पंथांचे हित पाहत, तसे त्यांच्यावर लक्षही ठेवत. सांची, सारनाथ आणि कौशांबी येथील लेखांत संघात फूट पाडणाऱ्या भिक्षूला आणि भिक्षुणीला पांढरी वस्त्रे नेसवून संघाबाहेर काढण्याची आज्ञा आहे. पंथापंथांत सहिष्णुता, पण संघाच्या आत फुटीला जागा नाही, अशी ही भूमिका होती. त्यात राज्याची सोय होती, हे मान्य. तरीही त्या सोयीपोटी त्याने सर्वांना लागू पडेल आणि कुणाचा अपमान होणार नाही असा शब्द वापरला, ही गोष्ट शिल्लक राहते.

२०/ हे सारे दूरचे वाटत असेल, तर आपल्या भाषेत या. अशोकाच्या चौदा लेखांच्या मालिकेतील ८व्या आणि ९व्या लेखांचे तुकडे आपल्या सोपाऱ्यात मिळाले, पहिला १८८२मध्ये आणि दुसरा १९५६मध्ये. १२वा तिथे मिळालेला नाही. पण १२व्या लेखाने ज्याविषयी सावध केले, तेच मराठीत घडलेले आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींपासून महानुभाव पंथ उभा राहिला. मराठी गद्याचा आद्य महत्त्वाचा ग्रंथ लीळाचरित्र हा त्याच पंथाचा. लोकांच्या तोंडी ‘महानुभाव’चे ‘मानभाव’ झाले, आणि त्यावरून विशेषण बनले ‘मानभावी’.

२१/ ‘मानभावीपणा’ म्हणजे काय, हे सांगायला नको : वरून गोड, आतून कपटी. मूळ शब्दाचा अर्थ मात्र ‘थोर अनुभव असलेला’. वैदिक कर्मकांड आणि सोवळेओवळे नाकारणारा, अहिंसा कडक पाळणारा, नम्र बोलणारा एक पंथ. त्याच्या नम्रतेलाच समाजाने ढोंग ठरवले आणि त्या पंथाचे नाव शब्दकोशात दोष म्हणून नोंदवले. याच पंथाने आपले ग्रंथ शतकानुशतके सांकेतिक लिप्यांत लिहिले. पासंडाचे पाखंड व्हायला कित्येक शतके लागली. महानुभावांचे मानभावी व्हायला तेवढीही लागली नाहीत. आणि हा शब्द आपण आजही, कुणाचा अपमान करतो आहोत याची जाणीव नसताना, सहज वापरतो.

२२/ आता माझे मत. पहिले : अशोकाच्या लेखांचे मराठी भाषांतर करताना ‘पासंड’ हा शब्द तसाच ठेवावा आणि शेजारी अर्थ द्यावा. आपण तिथे ‘धर्म’ किंवा ‘संप्रदाय’ घालतो. वाक्य सुबोध होते, पण शब्दाचा सारा इतिहास पुसला जातो. वाचकाला कळतच नाही की, आज शिवी म्हणून वापरला जाणारा शब्द एकेकाळी राजाच्या तोंडी आदराचा होता. वाचक एकदा अडखळला तरी चालेल. त्या अडखळण्यातूनच प्रश्न पडतो.

२३/ दुसरे : जुन्या ग्रंथात ‘पाषंड’ दिसला की प्रथम विचारावे, हा ग्रंथ कोणत्या काळचा, आणि बोलणारा कोण? आजचा अर्थ मागे नेऊन अशोकाला ढोंग्यांचा कैवारी ठरवणे जितके चूक, तितकेच अशोकाचा अर्थ पुढे आणून प्रत्येक पुराणात एकच कट शोधणेही चूक. शब्दाला जन्मतारीख नसेल, पण प्रत्येक वापराला काळ असतो, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो विचारलाच पाहिजे.

२४/ तिसरे, आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे : शब्द आपोआप सडत नाहीत. प्रत्येक पिढीतील बोलणारे त्यांत थोडे थोडे विष घालतात, आणि प्रत्येकाला आपण घातलेले प्रमाण नगण्यच वाटते. आज आपल्या डोळ्यांसमोर पंथांची, समाजांची, विचारांची नावे शिव्यांत बदलत आहेत, आणि ते काम शिलालेख किंवा पुराणे करत नसून आपण लिहिलेल्या चार ओळी करत आहेत. ‘वचिगुती’चा अर्थ मौन असा नाही. अशोक टीका बंद करा असे म्हणत नाही. तो म्हणतो, प्रसंगी करा, आणि तीही संयमाने करा.

२५/ ज्याच्याशी मतभेद आहे त्याचे नाव न बिघडवता घेता आले पाहिजे, एवढी किमान अट आपण पाळू शकलो, तरी पुढच्या शतकातल्या एखाद्या विद्यार्थ्याला असा धागा लिहावा लागणार नाही. माझ्या मांडणीवर आक्षेप असतील, तर पुराव्यासह अवश्य नोंदवा. मतभेद कितीही तीव्र असोत. वचिगुती मात्र दोन्ही बाजूंनी सांभाळू या. धागा समाप्त.